डाव्या पंखावरचा अंगठा

मित्रांनो, मी मिग विमानाचा एक जुना, प्लॅस्टिकचा नमुना. लांबीला जेमतेम वीतभर. पंचवटीतल्या एका घरात कपाटावर बसून असतो. उडणं माझ्या नशिबात नव्हतंच, आणि आता एक चाक निखळल्यामुळे धड बसताही येत नाही.

माझे सुटे भाग परदेशात तयार झाले, पण मला विमान केलं ते सावळीरामांनी, १९७६ साली. ते ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. खरी विमानं घरच्यांना दाखवायची सोय नव्हती. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरनं माझा खोका त्यांना भेट दिला, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला!

"लता, तुझा बाप दिवसभर काय तपासतो, ते आता बघ," ते मुलीला म्हणाले.

दर रविवारी बापलेक माझ्यापाशी बसायची. ती ब्लेडनं भाग सुटे करायची, ते चिकटवायचे. चौथ्या रविवारी डाव्या पंखावर डिंक ओघळला. तो डिंक प्लॅस्टिक मऊ करणारा, आणि सावळीरामांनी घाईघाईत त्यावरच अंगठा टेकवला. वाळल्यावर पाहतात तो काय, अंगठ्याची रेघ न् रेघ पंखावर उमटलेली! मला काही वाईट वाटलं नाही. त्यांच्या मनाला मात्र फार लागलं.

"राहू द्या ना, दादा," लता म्हणाली. "खोक्यातल्या वायुदलाच्या तिरंगी खुणा चिकटवू आणि मला देऊन टाका."

"खोट ठेवून माल पुढं सोडायचा नाय, पोरी. आधी पंख घासून साफ करीन, मग खुणा."

ते घासणं राहूनच गेलं. ओव्हरटाइम आला, लताचं लग्न झालं, ती कळवणला गेली. दर दिवाळीला ती विचारायची, "दादा, माझं विमान?" ते हसून म्हणायचे, "पास झालं की ने."

१९८५च्या उन्हाळ्यात सावळीराम दोन दिवसांच्या तापात गेले. दिवसकार्य झाल्यावर निघताना लता आईला म्हणाली, "दिवाळीला येईन, तेव्हा विमान नेईन."

आईनं, म्हणजे धोंडाबाईंनी, ते मनावर घेतलं. दिवाळीच्या तोंडावर पॉलिशपेपर आणून त्या खिडकीशी बसल्या. "तुमचं राहिलेलं काम करते हो," असं पुटपुटत त्या दोन दुपारी माझा पंख घासत होत्या. एकेक रेघ पुसली जात होती. मित्रांनो, मला तोंड नाही याचं इतकं दुःख कधीच झालं नव्हतं. मग त्यांनी खुणा पाण्यात भिजवून नीट चिकटवल्या.

दुसऱ्याच दिवशी लता आली.

"घे गं, तुझं विमान पास झालं," धोंडाबाई कौतुकानं म्हणाल्या.

लतानं मला उचललं आणि तिचं बोट थेट डाव्या पंखावर गेलं. ते तिथं फिरत राहिलं.

"आई, दादांचा अंगठा कुठंय?"

धोंडाबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्यांनी स्वतःचा अंगठा त्या गुळगुळीत पंखावर टेकवला. लता काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला आईचा अंगठा दिसला. घासून घासून त्याचंही कातडं सोलवटलं होतं. तिनं तो मुठीत धरला आणि दोघी खूप रडल्या.

लतानं मला नेलं नाही. धोंडाबाई रोज माझी धूळ पुसतात आणि डाव्या पंखावर त्यांचा हात थबकतो. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा, पुसा, दुरुस्त करा. पण एखादी खोट घासायला घ्याल, तेव्हा घरात आधी विचारा, ती कुणाला हवी आहे का.