पोस्टरशेजारी कोण उभं राहणार

नशिबाला थट्टा करायची लहर आली की ते हात आखडता घेत नाही. ज्या मुलीचे ओठ 'प' म्हणताना मिटतात आणि उघडायचं नाव घेत नाहीत, तिच्या वाट्याला त्याने विषय कुठला द्यावा? तर पाण्याचे पाइप. जमिनीखालचा पाइप नेमका कुठे फुटलाय, हे रस्ता न खोदता, नुसतं कान लावून कसं ओळखायचं, यावर ती पीएचडी करत होती. पाणी, पाइप, पीएचडी, आणि आता त्यात भर म्हणून पोस्टर.

हे अडणं लपवायची विद्या तिला शाळेतच साधली होती. पुढे 'प' येतोय असं दिसलं की ती आधीच वळण घ्यायची. पाणी हवं असलं की "तहान लागलीय" म्हणायचं. पेन हवं असलं की "लिहायला काही आहे का?" पेरूवर तिचा भारी जीव, फळवाल्याच्या गाडीवर त्यांचा ढीग डोळ्यांसमोर असायचा, पण तोंडातून सफरचंदंच निघायची. तीही पाच हवी असली तर चार नाहीतर सहा. लॅबमध्ये पाइपाला ती 'जलवाहिनी' म्हणे आणि पोस्टरला 'फलक'. इतकं शुद्ध बोलणारी मुलगी तिथे कुणी पाहिली नव्हती, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव 'पंडित' ठेवलं. तिला स्वतःला ते नाव उच्चारता येत नसे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांवर पाण्याविषयीची परिषद आली होती. मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांची पोस्टरं लागणार, आणि पाणीखात्याचे मोठे इंजिनिअर फिरून एखादं काम निवडणार. निवडलेलं काम खऱ्या रस्त्यावर करून बघायला मिळणार होतं. पंडितने आजवर जे काही ऐकलं ते लॅबमागच्या मोकळ्या जागेत स्वतः पुरलेल्या पाइपांवर. खरा रस्ता मिळाला नाही, तर तीन वर्षांची मेहनत अंगणातल्या भातुकलीसारखी राहणार होती.

"पोस्टर तू कर," तिच्या गाइड मॅडम म्हणाल्या. "तुझ्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही. शेजारी वकील उभा राहील."

वकील म्हणजे लॅबमधलाच एक विद्यार्थी. कायद्याचा त्याला गंध नव्हता, पण बोलायला लागला की समोरचा आपला मुद्दा विसरून जायचा. मॅडमच्या मनात वाईट काही नव्हतं; अबोल मुलीला लोकांसमोर बोलायचा जाच नको, एवढंच. त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं, आणि तेच पंडितला झोंबलं. 'मी उभी राहीन' एवढंच तिला म्हणायचं होतं. या वाक्यात एकही 'प' नाही. तरी ते तिच्या तोंडून निघालं नाही.

घरी जाईपर्यंत तिचा संताप संताप झाला होता, मुख्यतः स्वतःवर. आणि त्या संतापातच तिने ठरवलं, की असं पोस्टर करायचं, ज्याच्या शेजारी कुणाला उभं राहायची गरजच पडणार नाही. वकिलाला नाही, आणि तिला स्वतःलाही नाही.

शनिवारी सकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. ती ताई-भाऊजींकडेच राहायची. प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी स्लाइड घेतली आणि सगळ्यात आधी तिचं माप बदललं, हॉलमधल्या बोर्डाएवढं. गेल्या वर्षी वकिलाने नेहमीच्या छोट्या स्लाइडवरच पोस्टर केलं होतं. छपाईवाल्याने ते ताणून मोठं केलं तेव्हा त्याचे आलेख न्हाणीघरातल्या फरशीसारखे चौकोनी चौकोनी दिसत होते. पंडित असल्या चुका करणाऱ्यातली नव्हती. तिने तीन रकाने आखले, कडा एका रेषेत आणल्या, आणि लिहायला बसली.

माणूस काय काय विचारेल? यंत्र कुठलं वापरलं? लिहिलं. पाइप किती खोल होते? लिहिलं. माती ओली असली तर? लिहिलं. रकाना भरला की सॉफ्टवेअर न विचारता अक्षर बारीक करायचं, आणि ती आणखी एक प्रश्न आठवून आणखी चार ओळी घालायची. दुपारपर्यंत पोस्टरवर बोट ठेवायला जागा उरली नाही. वर शीर्षक दिलं: 'भूमिगत जलवाहिन्यांतील गळतीचे ध्वनिआधारित निदान: एक तौलनिक अभ्यास'. किती भारदस्त! त्यात एकही 'प' नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीने हे आपोआप झालं होतं.

पोस्टर वाचता येईल की नाही, याची एक सोपी परीक्षा असते. ते साध्या कागदावर छोटं छापायचं आणि हातभर लांब धरून वाचायचं. तिने घरच्या प्रिंटरवर ते छापलं आणि ताईच्या हातात दिलं.

ताई एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. तिची हाक आतल्या खोलीतल्या डॉक्टरांनाही दचकवायची. धाकटीचे ओठ मिटले की ताईचे उघडत, हा या घरातला लहानपणापासूनचा रिवाज. वर्गात हजेरीच्या वेळी, दुकानात, पाहुण्यांसमोर, पंडितची अर्धी वाक्यं आजवर ताईनेच पुरी केली होती.

ताईने कागद लांब धरला. चष्मा वर केला, खाली केला, खिडकीशी गेली.

"अगं, हे काय? मुंग्यांची रांग लागलीय नुसती!"

"वाच ना."

"काय वाचू, कपाळ? शीर्षकालाच धाप लागली मला. तूच सांग ना यात काय आहे ते."

"सगळं त्यात आहे."

"मग तू तिथे जाऊन काय करणार?"

"मी नाही. शेजारी वकील उभा राहणार आहे."

"तो मेला कोण?" ताई उसळली. "त्यापेक्षा मी येते की रजा काढून! मला एकदा नीट समजावून दे, धडाधडा सांगते सगळ्यांना. तुझं वाक्य सुरू व्हायच्या आत मला कळतं तुला काय म्हणायचंय ते."

पंडितने कागदाकडे पाहिलं, मग ताईकडे. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. कुणी काही विचारायच्या आत धडाधडा सगळं सांगून टाकणारं हे पोस्टर म्हणजे दुसरी ताईच होती. शनिवारची अख्खी सकाळ खर्ची घालून तिने कागदाची ताई बनवली होती, दाराएवढी.

"ताई," ती म्हणाली, "प्..."

ओठ मिटले.

"पाणी? पाणी देऊ?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"पंखा लावू का? उकडतंय खरं आज. की पेन हवंय?"

पंडितने हात वर केला. थांब. ताई थांबली नाही, "अगं पण काय ते..." म्हणत राहिली, तेव्हा पंडितने तो हात सरळ ताईच्या तोंडासमोर धरला. स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढा घुरघुरत होता. चेहरा लाल होईस्तोवर ती उभी राहिली, पण दुसरा शब्द शोधायला गेली नाही.

"पुरे," ती म्हणाली.

ताईने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"पुरे, ताई. माझं वाक्य मला संपवू दे. अडलं तर अडू दे."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी तुझ्यासाठीच गं... लोक हसतील म्हणून..."

"माहीत आहे मला. मी बोलायचंच सोडून दिलंय, त्याचं काय?"

ताईने बोलायला उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं. तिच्या आयुष्यात असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच.

पंडितने लॅपटॉप पुढे ओढला, स्लाइडवरचं सगळं निवडलं आणि उडवून टाकलं. पांढरं मैदान समोर आलं. केलेलं परत आणायच्या बटणाकडे तिचं बोट एकदा गेलंच, खोटं कशाला बोला, पण तिने ते मागे घेतलं. मग शीर्षक लिहिलं. जे शब्द ती इतकी वर्षं चुकवत आली होती, तेच मुद्दाम वेचून, सगळ्यात मोठ्या अक्षरात: 'पाण्याचा पाइप कुठे फुटलाय, हे ऐकून कळतं'. खाली एकच आलेख, स्क्रीनचा फोटो चिकटवून नव्हे तर मूळ आकड्यांवरून नव्याने काढलेला. एक रेघ धड पाइपाच्या आवाजाची, एक फुटक्या पाइपाची. खाली कोपऱ्यात हेडफोन टांगायची खूण. बाकी सगळं मोकळं.

पुन्हा कागद छापला. ताईने तो टेबलावर तसाच ठेवून, ओट्यापाशी उभं राहून दुरूनच वाचला.

"हे कळलं मला," ती म्हणाली. "पण मधे एवढी जागा का सोडलीस?"

"तिथे मी बोलणार."

सोमवारी मॅडमनी स्क्रीनवर पोस्टर पाहिलं आणि खाली आणखी काहीतरी असेल म्हणून माउस फिरवून बघितला. काही नव्हतं.

"एवढंच? आणि हे शीर्षक? तू तर कायम जलवाहिनी म्हणतेस."

"कारण मला प्..." पंडित अडली. मॅडम टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या, मग थांबल्या. "...पाइप म्हणता येत नाही. म्हणून जलवाहिनी."

तीन वर्षं मॅडमनी चारचौघांत हिच्या भाषेचं कौतुक केलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

"शेजारी मी उभी राहणार, मॅडम."

"आणि ऐन वेळी अडलीस तर?"

"अडेन. मग बोलेन."

मॅडमनी पेन उचललं आणि छपाईच्या परवानगीवर सही केली. वकील माणूस म्हणून चांगला होता. त्याने विचारलं, "मी जवळपास असू का? लागलोच तर?" पंडित म्हणाली, "चहा आण. घसा सुकेल माझा."

परिषदेच्या दिवशी हॉलमध्ये बोर्डांच्या रांगाच रांगा होत्या. इंजिनिअर दोन मदतनिसांना घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा सकाळपासून भिंती वाचणाऱ्या माणसाचा झाला होता. पंडितच्या शेजारचं पोस्टर बारीक अक्षरांनी गच्च होतं. ते त्यांनी चालता चालताच संपवलं. पंडितच्या पोस्टरसमोर मात्र थांबले आणि शीर्षक मोठ्याने वाचलं.

"खरंच कळतं?"

"हो," ती म्हणाली. "प्..."

ओठ मिटले. एका मदतनिसाने आपल्या बुटांकडे पाहिलं. समोरच्या रांगेतून वकील चहाचा कप घेऊन पुढे सरकला. पंडितने त्याला हाताने थोपवलं. हॉलच्या दाराशी ताई उभी होती, दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आलेली, आणि तिने स्वतःचं तोंड स्वतःच्या हाताने घट्ट दाबून धरलं होतं. पंडितला पळून जावंसं वाटलं. 'जलवाहिनी' अगदी जिभेवर तयार होती.

"पाइप फुटला," ती म्हणाली, "की त्याचा आवाज बदलतो. ऐकून बघा."

इंजिनिअरांनी हेडफोन कानाला लावले. तिने आधी एक आवाज लावला, मग दुसरा. त्यांनी डोळे मिटले. "दुसरा," ते म्हणाले. "दुसरा फुटका."

"बरोबर."

"पण रस्त्यावर गाड्या असतात, बाई. त्या गोंगाटात काय ऐकणार?"

याचं उत्तर पोस्टरवर नव्हतं. पहिल्या पोस्टरवर होतं, आठ ओळींचं. "आम्ही प्... पहाटे ऐकतो," ती म्हणाली. "तरी दहात तीनदा चुकतं. दगडाळ जमीन असली तर जास्त." 'पहाटे' निघायला वेळ लागला. तिने तो घेतला, आणि इंजिनिअरांनी दिला. त्यांनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले. तीन ठिकाणी ती अडली, तिन्ही ठिकाणी तोच शब्द म्हणून पुढे गेली.

"चुकतं, असं आज इथे कुणी म्हणालं नव्हतं," इंजिनिअर शेवटी म्हणाले. "जुन्या वस्तीतला एक रस्ता देतो तुम्हाला. सारखा फुटतो तिथला पाइप. पण माझ्या माणसांना हे तुम्हीच येऊन समजावून सांगायचं. ती पोस्टरबिस्टर वाचत नाहीत."

"मीच सांगेन," पंडित म्हणाली.

संध्याकाळी दोघी बहिणी गुंडाळलेलं पोस्टर दोन टोकांना धरून घरी निघाल्या. ताई हॉलपासून कोपऱ्यापर्यंत अखंड बोलत होती, दिवसभराचं साचलेलं बाहेर काढत. कोपऱ्यावर फळवाल्याने पंडितला पाहिलं आणि सवयीने सफरचंदांकडे हात नेला.

"नेहमीची ना?"

"नाही. प्..."

ताईने श्वास आत घेतला, आणि तसाच धरून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागली.

"पेरू," पंडित म्हणाली.

"पेरू? बरं. किती देऊ?"

चार म्हणता आलं असतं. सहाही म्हणता आलं असतं. फळवाला पिशवी उघडून थांबला होता, मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. ओठ मिटले, आणि ती शांतपणे ते उघडायची वाट बघत उभी राहिली.

"पाच."

थोडं पुढे गेल्यावर ताईला राहवेना. "पाच कशाला गं? घरात माणसं तीन."

"मला पाचच हवे होते," पंडित म्हणाली, आणि पोस्टर बगलेत धरून तिने पहिला पेरू तिथेच रस्त्यावर खायला घेतला.