खडूवरून चाललेले किडे

विभावरीबाईंवर सरड्याचं जेवण सोपवलं, तिथेच खरं तर चुकलं. पण नात अश्लेषा शाळेच्या ट्रिपला गेलेली, मुलगा परेश कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात अडकलेला, आणि बाईंना आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या त्या घरात आपण उपयोगाच्या आहोत हे दाखवायची भारी हौस. नातीने इंग्रजीत सांगितलेलं सगळं त्यांनी पाठ केलं होतं; इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी कळायचं, बोलता मात्र यायचं नाही. सरड्याला, म्हणजे फिनला, रातकिडे द्यायचे ते दुकानातलेच, अंगणातले नाहीत. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा नको. पांढऱ्या कॅल्शियम पावडरीत घोळवायचा, आणि उरलेला पिंजऱ्यात ठेवायचा नाही, रात्री तो उलट सरड्यालाच चावतो.

नेमका डबा हातातून निसटला आणि रातकिडे स्वयंपाकघरभर पळाले. दुसरी कोणी असती तर नवा डबा मागवून मोकळी झाली असती. पण अन्न वाया घालवतील त्या विभावरीबाई कसल्या. वाटी पालथी घालून घालून त्यांनी कपाटाखालचे एकूण एक धरले. किड्यांचे पाय पांढरे दिसत होते. डब्यातच पावडर लागलेली दिसतेय, बरंच झालं, असं म्हणत त्यांनी ते चिमट्याने फिनला भरवलेसुद्धा.

संध्याकाळी अश्लेषा परतली तेव्हा फिन फांदीवरून खाली पडला होता. अंग काळं, डोळे मिटलेले, पाय थरथरताहेत. बाईंची नजर कपाटाखाली गेली. मुंग्यांसाठी सोलापूरहून आणलेल्या विषारी खडूची जाड रेघ त्यांनीच आल्या आल्या तिथे ओढली होती. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

कारखान्यातून धावत आलेला परेश दवाखान्याच्या वाटेवर गाडीत दुकानदाराला शिव्या घालत होता. सडके किडे विकतात लेकाचे, म्हणत होता. बाईंची नजर अश्लेषाच्या मांडीवरच्या फिनच्या खोक्यावर होती. बोलावं तर नातीला तोंड दाखवायची सोय उरत नव्हती, न बोलावं तर त्या मुक्या जिवाचं काय? 

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फिनला तपासलं. "पोटात काय गेलं ते कळायला हवं," त्या म्हणाल्या. "अंदाजाने औषध दिलं तर त्यानेच मरेल."

परेशने इंग्रजीत सांगितलं, दुकानातले किडे, बाकी काही नाही.

"माझा खडू," विभावरीबाई नातीला म्हणाल्या. "विषाचा. किडे त्याच्यावरून चालले. मला पावडर वाटली गं. सांग त्यांना, मला त्यांच्या भाषेत नाही सांगता येत."

परेश आईकडे बघतच राहिला. अश्लेषाने मात्र शब्दन् शब्द सांगितला, काही गाळलं नाही. डॉक्टरीणबाई फिनला उचलून लगबगीने आत गेल्या आणि दार लागलं. रिकामा खोका पोटाशी धरून अश्लेषा उभी राहिली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढे केला.

"नको, आजी," ती म्हणाली. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर एवढंच मराठीत बोलली, आजीला नीट कळावं म्हणून.