ओ.टी.तल्या मावशी

दात काढा, असं मावशींनी खुणेनंच सांगितलं. स्ट्रेचरवर त्यांची विहीण होती. टोपी आणि मास्कमधून मावशींचे नुसते डोळे दिसत होते, पण तोंड उघडलं तर आवाज ओळखला जायचा.

हॉस्पिटलात सगळे त्यांना मावशीच म्हणत. ऑपरेशनआधी पेशंटची कवळी, बांगड्या काढून घ्यायच्या, अंग पुसायचं आणि नंतर फरशीवरचं रक्त धुवायचं, हे त्यांचं काम. आता तिथं ओ.टी. म्हणजे एक का भानगड होती? ऑपरेशनची खोली ओ.टी., पाळी संपल्यावर जादा राबवून घेतात ती ओ.टी., आणि तळमजल्यावर लुळ्या हातांना पुन्हा बटण लावायला शिकवतात, तिथल्या दारावरही ओ.टी.च! ओ.टी.त ओ.टी. करण्यात मावशींची हयात गेली.

चौथा अर्थ लेकीनं काढला. लग्नाच्या बोलणीत विहीणबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? ओ.टी.त असते, मावशी म्हणाल्या. लेक चटकन म्हणाली, "अख्खी ओ.टी. आईच सांभाळते." मावशींनी मिठाची गुळणी धरली, ती आजतागायत.

परवा लेकीचा फोन आला. सासूबाईंचं ऑपरेशन तुमच्याकडेच ठरलंय, त्या दिवशी सुट्टी घे, तू गावाला गेलीस असं सांगते. मावशी बरं म्हणाल्या. पोटच्या पोरीला आपल्याला लपवावं लागतं याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं म्हटल्याची. पण जोडीदारीण तापानं पडली आणि सुट्टी रद्द झाली.

विहीणबाईंनी तोंडावर हात धरून कवळी वाटीत टाकली. एरवीच्या ठसकेबाज बाई, पण गाल आत गेले आणि एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"एक ऐकाल का?" त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "माझी विहीण इथं मोठ्या हुद्द्यावर आहे. बरं झालं, आज गावाला गेलीय. माझं हे बोळकं तिला सांगू नका हं. कुठं तोंड दाखवू मग?"

मावशींचा हात मास्क काढायला कानापर्यंत गेला. मग लेकीचा संसार आठवला. तोच हात त्यांनी विहीणबाईंच्या कपाळावर ठेवला.

"नाही सांगणार," आवाज ओळखू येऊ नये म्हणून त्या नुसतं कुजबुजल्या.

विहीणबाईंनी तो हात घट्ट धरला आणि भूल चढेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाई चांगल्या शुद्धीवर आल्यावर मावशींनी कवळी धुऊन बसवली, केस सारखे केले आणि स्ट्रेचर दाराबाहेर आणला. बाहेर लेक-जावई उभेच होते. जावई आईवर वाकला, त्याचं दुसरीकडे लक्ष नव्हतं. लेकीनं मात्र वर पाहिलं आणि ते डोळे तिनं लगेच ओळखले. आता ही काय म्हणते, म्हणून मावशी स्ट्रेचरची दांडी धरून तिथंच थांबल्या.

"मावशी, जरा बाजूला व्हा," लेक म्हणाली.

मावशी सरकायला लागल्या, पण विहीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"असू दे गं त्यांना," त्या सुनेला म्हणाल्या. "यांनी आज माझी लाज राखली."

लेकीची मान खाली गेली ती वर येईना. मावशींनी हात सोडवून घेतला, स्ट्रेचरची दांडी लेकीच्या हातात दिली आणि फरशी धुवायला आत गेल्या.