टोपणाआडचा आवाज

जुन्या कॅसेट, सीडी, डीव्हीडी नव्यानं बनवून देणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कात्रीबाई म्हणायची. बाईंना त्याचा राग नव्हता, उलट मिरवायच्या. हललेलं, अंधारलेलं, नुसती फरशी दाखवणारं शूटिंग दिसलं की यांचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. दोन तासांची कटकट दीड तासात गोड होऊन मिळायची, मग तक्रार कोण कशाला करतंय!

केली ती चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांनी. त्यांची घरगुती डीव्हीडी पार खरचटली होती. बाईंनी परवाच ती कॉम्प्युटरवर घेऊन, साफसूफ करून नवी बनवून दिली होती. वर सुरेख मेन्यूही केला होता: वाढदिवस, सहल, नवं घर. आज मास्तर आले ते काउंटरला धरूनच उभे राहिले.

"ताई, काम झकास झालंय. फक्त माझी बायको कापली गेलीय हो."

"काहीतरीच काय! तुमच्या घरच्या बाई त्यात दिसतच नव्हत्या."

"दिसायची नाहीच ती. कॅमेरा काढला की आत पळायची. पण मी पडलो वेंधळा, लेन्सचं टोपण काढायला हमखास विसरायचो. ते तिच्या लक्षात आलं की मॅडम एकदम मोकळ्या! माझी टिंगल सुरू." मास्तरांनी चष्मा काढला. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. चेहऱ्याला निदान फोटो आहेत. आवाज मात्र निसटत चाललाय, ताई. भीती वाटते मला."

काळा पडदा हुडकून आपोआप काढून टाकायची सोय कात्रीबाईंच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ती त्या डोळे झाकून वापरायच्या. अकरा ठिकाणी कापलं होतं. एका ठिकाणीही आवाज ऐकायची तसदी घेतली नव्हती. वर, काम दिलं की कॉम्प्युटरवरची कॉपी पुसून टाकायची, ही त्यांची शिस्त! "शिस्त कसली, मस्ती," बाई स्वतःवरच करवादल्या.

नशीब, जुनी डिस्क मास्तरांच्या पिशवीतच होती. पण मागच्या खेपेलाच ती जेमतेम वाचली गेली होती. बाईंनी मऊ फडक्यानं ती मधून कडेकडे पुसली, ड्राइव्हचा वेग कमी केला आणि आत सरकवली. कॉपी होता होता एकाहत्तर टक्क्यांवर गाडी अडली. नुसती घरघर. मास्तर स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

"चल गं बाई, एवढी एक खेप अब्रू राख," कात्रीबाई ड्राइव्हला विनवत होत्या. बऱ्याच वेळानं बहात्तर झाले. मग त्र्याहत्तर. शंभर झाले तेव्हा दुपार कलली होती.

बाईंनी अकराही काळे तुकडे शोधून ओळीनं जोडले. त्यातला एक खोकलासुद्धा कापला नाही. मेन्यूवर चौथं बटण आलं: टोपण. बाईंनी ते दाबलं.

पडदा काळाच राहिला. आतून खळखळून हसणं आलं. "अहो कॅमेरावाले, टोपण कोण काढणार, शेजारी?" दुसऱ्या तुकड्यात, "झाला की वाढदिवस! आता काढा टोपण सावकाश." मास्तर हसता हसता रडायला लागले. कात्रीबाईंनीही पदर डोळ्यांना लावला.

अकरावा तुकडा लांब होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "आज राहू दे ते टोपण. किती धावपळ कराल? बसा की जरा माझ्यापाशी."

पुढे बोलणं नव्हतं, फक्त पंखा फिरत होता. कात्रीबाईंचा हात सवयीनं माऊसकडे गेला आणि तिथंच थांबला.

"बसलोय गं," मास्तर काळ्या पडद्याला म्हणाले.