उपास घडवणारी डोण

मी गुरांना पाणी पाजायची एक जुनी डोण आहे. पत्र्याची, लांबट गोल, जस्ताचा मुलामा दिलेली. मित्रांनो, माझ्याकडे पाहायला कुणी थांबत नाही, म्हणूनच मला माणसं नीट पाहता येतात. डोणीसमोर कुणी तोंड सांभाळून बोलत नाही.

कारखान्यातून मला व्हर्लिन राइझडॉर्फने ट्रकमध्ये उताणी टाकून घरी आणलं. मिसिसिपी नदीच्या काठावर त्याचा गोठा होता. माझी पहिली वर्षं गाईंच्या लाळेत गेली. ही तक्रार नव्हे. पाणी पिऊन गाय मान वर करते तेव्हा तिच्या नाकावरून चार थेंब परत पडतात, तोच माझा पगार, असं मी समजायची. पुढे व्हर्लिनचे गुडघे कुरकुरू लागले, गाई विकल्या गेल्या, आणि मला नवं काम लागलं. कासवांना उपाशी ठेवायचं.

दर ऑगस्टमध्ये गावच्या चर्चचं कासवाच्या सुपाचं जेवण असे आणि सूप व्हर्लिनच्या हातचं. नदीतलं चावरं कासव गाळात लोळतं, मिळेल ते खातं. म्हणून कापण्याआधी त्याला तीन आठवडे माझ्यात, स्वच्छ पाण्यात, काही न खाऊ घालता ठेवायचं, म्हणजे मांसाचा चिखलाचा वास जातो. या बाबतीत व्हर्लिन कुणाचं ऐकत नसे. "तीन आठवड्यांत एक घास जरी पोटात गेला, तर ते कासव माझ्या कढईत पडणार नाही." एकदा त्याचा मेव्हणा डेलमार मोठ्या थाटात कासव घेऊन आला. कासवाच्या ओठाला बिस्किटाचा चुरा दिसला. व्हर्लिनने सगळ्यांदेखत ते नदीत सोडायला लावलं. डेलमार ते विसरला नाही. माणसं उसनी घेतलेली शिडी विसरतात, पण असलं काही विसरत नाहीत.

मग तो उन्हाळा आला. माझ्यात एकच कासव होतं, जेवणाच्या थाळीएवढं, पाठीवर शेवाळ, शेपटीवर करवतीसारखे दाते. ते आणून चार दिवस झाले नाहीत तोच व्हर्लिन होडीतून उतरताना पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आचारीच इस्पितळात, तेव्हा जेवण रद्द झालं. कासव तसंच राहिलं. डेलमार त्याला भ्यायचा, आणि व्हर्लिनची बायको अल्व्हिना म्हणाली, "ज्याने आणलंय तोच नेईल."

व्हर्लिन घरी आला तो माझ्या शेजारी खुर्ची टाकूनच बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस त्याने पाण्यात पाहिलं, मग हाक मारली.

"अल्व्हिना, हे खातं काय गं?"

"मला काय विचारतोस? जन्मभर तूच शिजवतोयस."

"शिजवतोय. जेवू कुठे घातलंय?"

मित्रांनो, मला त्या माणसाची गंमत वाटली. ज्या प्राण्याच्या मांसातली शीर न् शीर त्याला पाठ, त्याची भूक त्याला माहीत नव्हती. त्याने आधी पाव टाकला. पाव फुगला, पाण्याला वास सुटला, कासवाने ढुंकून पाहिलं नाही. मग गांडूळ टाकलं. कासव दगडासारखं बसलेलं, आणि मग मान कधी बाहेर आली नि कधी आत गेली हे मलाही कळलं नाही, आणि मी तर त्याच्या पोटाखाली होते. नदीतले झिंगे ते कवचासकट कडाकडा फोडायचं. डबक्यावरची टिकलीएवढी हिरवी पानं सहज म्हणून टाकली, तर तीही खाल्ली.

"पाला खातं हे," व्हर्लिन म्हणाला. "चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? कासव?" अल्व्हिना म्हणाली.

मला पाण्याने भरायची रीतही तेव्हाच बदलली. उपासाच्या कासवांसाठी मला काठोकाठ भरत. हे कासव रात्रभर पाय मारून दमतंय हे व्हर्लिनच्या लक्षात आलं. त्याने पाणी उतरवलं, इतकं की तळावर उभं राहून मान ताणली की नाक वर निघावं. आत एक ओंडका आला, वर चढून ऊन खायला. अर्ध्या भागावर फळी आली, सावलीला. वर जाळी आणि जाळीवर दगड, कारण ते चढून पळतं. हिवाळ्याआधी मला दुधाच्या खोलीत ओढून नेलं, वर एक उबदार दिवा टांगला. गाईंना हे लाड मिळाले नव्हते, पण मी काही बोलले नाही.

त्या हिवाळ्यात मी माणसांचा जो हिशोब मनात ठेवला, तो असा. शुक्रवारी गावात तळलेल्या माशांचं जेवण असतं. अल्व्हिना उरलेला मासा रुमालात बांधून आणायची आणि चोरून माझ्यात टाकायची. डेलमार, जो कासवाला भ्यायचा, तो सॉसेजचे तुकडे लांबून फेकायचा. व्हर्लिन रोज गांडुळं घालायचा, वर ताजा मासा. प्रत्येकाला वाटायचं, कासव ओळखतं ते आपल्यालाच.

वसंतापर्यंत कासवाच्या पायांच्या मुळाशी मांसाच्या वळ्या लोंबायला लागल्या. पाय आत घेता येईनात. माझ्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. एक दिवस त्याने गांडुळाकडेही पाठ फिरवली. व्हर्लिनने दोघांना बोलावलं.

"याला कोण काय घालतंय?"

"मी तर जवळही जात नाही," डेलमार म्हणाला.

"मग ही सॉसेजची सालं आभाळातून पडली?" व्हर्लिनने विचारलं. अल्व्हिना हसली, तसा तो तिच्याकडे वळला. "तू हसू नकोस. हे तळणाचं तेल तुझं."

"आणि तू रोज मूठभर गांडुळं घालतोस ते?"

मग ठरलं, घालणारा हात एकच. आठवड्यातून दोनदा, अर्धा पाला, मासा काट्यासकट आणि न तळलेला. तोही वेगळ्या घमेल्यात, म्हणजे मी घाण होणार नाही. घमेल्यात न्यायला डेलमारने शेपटीला हात घातला तेव्हा व्हर्लिन खेकसला, "शेपटीने नाही, पाठीचा कणा जाईल त्याचा. मागून, कवचाच्या काठाला धर. आणि बोटं पुढे नेऊ नकोस, मान पार बाजूला पोचते." दोनेक महिन्यांत वळ्या उतरल्या. कासव पुन्हा पाय आत घेऊ लागलं.

आणि मग लुसिल थाइसन आली. चर्चच्या जेवणाची सगळी व्यवस्था तिच्याकडे. इस्पितळात पडल्या पडल्या व्हर्लिनने तिला शब्द दिला होता की पुढच्या वर्षीचं पहिलं कासव डोणीत आहे. तिने तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केला होता. त्या वर्षी नदीला पूर, दुसरं कासव कुणाला मिळेना.

"बरंच पोसलंयस की," लुसिल पाण्यात डोकावून म्हणाली. "सगळ्यांना पुरेल."

व्हर्लिन "हो" म्हणाला. त्याने उपासासाठी मला काठोकाठ भरलं, ओंडका काढला आणि घमेलं पालथं घातलं. खुर्ची तीच राहिली, फक्त तो माझ्याकडे पाठ करून बसू लागला.

"लुसिलला नाही म्हणून सांग," अल्व्हिना म्हणाली.

"शब्द दिलाय."

"तेव्हा ते नुसतं कासव होतं."

"आता कोण झालंय? नावसुद्धा ठेवलं नाही आपण."

"नाव नाही ठेवलं. पण सकाळी उठून तू आधी त्याच्याकडे जातोस, मग कॉफीकडे."

आपल्याच नियमात अडकलेला माणूस फार ताठ बसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी लुसिल आली, मागे डेलमार गोणपाट घेऊन. रीत अशी की व्हर्लिनने माझ्या काठावर हात ठेवून दोघा-तिघांसमोर सांगायचं, मगच कासव उचलायचं. त्याने हात ठेवला.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "स्वच्छ पाणी. घास..."

तेवढ्यात अल्व्हिना भाजीच्या वाफ्यातून आली. एक मूठ मिटलेली. चालता चालता तिने ती माझ्यावर उघडली. गांडूळ पाण्यात पडलं, पण तळाला काही पोचलं नाही.

कासवाने एकदा गिळलं आणि वर नाक काढलं.

"अल्व्हिना राइझडॉर्फ," लुसिल हळूच म्हणाली.

"काय झालं? भुकेलं दिसलं."

डेलमारने गोणपाट खांद्यावरून काढून नीट घडी घातली. वर्षानुवर्षं तो या घडीची वाट पाहत असावा. "नियम म्हणजे नियम, भावोजी. माझ्या वेळी नुसता चुरा होता. हे तर अख्खं गांडूळ."

"उद्या माणसं जेवायला येणार आहेत," लुसिल म्हणाली. "त्यांच्या ताटात काय वाढू?"

व्हर्लिनने हात माझ्या काठावरून काढला. "कोंबडी."

"कासवाच्या जेवणाला कोंबडी?"

"मसाला तोच घालतो."

लोकांनी नाकं मुरडली आणि दोनदा वाढून घेतलं.

मित्रांनो, आता माझं एक मागणं. नदीतलं कासव नदीतच राहू द्या. कुणाच्या घरी ते आधीच असेल, तर थाळीएवढं कासव उद्या डोणीएवढी जागा मागणार, आणि कदाचित तुमच्याहून जास्त जगणार, हे आधी मनात धरा. पायाखाली जमीन, नाकाला हवा, घास थोडा पण त्याचा, आणि घालणारा हात एकच. ज्याचं पोट आपल्या हाती आहे, त्याला काय हवं ते आधी पाहा, मग आपली हौस.

माझ्या तळाचा सांधा आता गंजला आहे. व्हर्लिन सकाळी काठी टेकत येतो, खाली हात घालून ओल चाचपतो, ठिगळ लावतो. डोण जपायची तर असंच रोज पाहावं लागतं. मग तो कॉफीकडे जातो.

लुसिल दर उन्हाळ्यात कासवाचं विचारते. नियम अजून तोच आहे, व्हर्लिन म्हणतो, तीन आठवडे होऊ देत. मग अल्व्हिना वाफ्याकडे जाते.