रडणाऱ्या गाडीला सात थेंब तेल

रविवारी सकाळी ताईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आख्खी गल्ली लोटली होती. मधोमध भाऊजींची गाडी, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभे चाकबाबा. वाहनांना झालेली बाधा काढणारे जगातले एकमेव सत्पुरुष, असं ते स्वतःच सांगत होते.

गाडी जुनी, महिन्यापूर्वी घेतलेली. ब्रेक दाबला की किंचाळायची.

"पहिल्या मालकिणीचा आत्मा रडतोय," बाबा म्हणाले. "तिला गाडी विकायची नव्हती."

"पण ती बाई जिवंत आहे हो," भाऊजी चाचरत म्हणाले. "परवाच फोनवर बोललो."

"मग जिवंत आत्मा आहे. तो जास्त कडक!"

लोकांनी माना डोलावल्या. धन्य ते बाबा आणि धन्य त्या माना!

मी ताईची धाकटी बहीण. गेली अठरा वर्षं पोरांना गाडीदुरुस्ती शिकवते. पण महिनाभर परीक्षांच्या कामाला परगावी होते, तेवढ्यात यांनी हा उद्योग केला. बाबा तीन आठवड्यांपूर्वीही येऊन गेले होते म्हणे. तेव्हा नुसतंच किंचाळणं होतं. उपाय काय दिला, तर उतार उतरून खाली शाळेपाशी पोचलं की तापलेल्या चाकांवर लगेच गार पाणी ओतायचं, म्हणजे आत्म्याचा राग निवतो. भाऊजींनी इमानेइतबारे रोज कॅनभर पाणी ओतलं. राग निवणं राहिलं बाजूला, ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं.

"आता ती तुमच्या हातून गाडी हिसकावतेय," बाबांनी निदान केलं. मग बाटली काढली, चारही चाकांच्या फटींतून आतल्या चकचकीत तबकडीवर सात-सात थेंब तेल सोडलं आणि म्हणाले, "घ्या चार पावलं पुढे. हळू."

भाऊजींनी गोगलगाईच्या चालीनं गाडी पुढे घेतली, ब्रेक दाबला. चूं की चां नाही!

टाळ्या पडल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्यापासून बिनधास्त उतरा," बाबांनी आशीर्वाद दिला.

पण उद्या सकाळी सातला माझी आठ वर्षांची भाची आणि शेजारची दोन पोरं याच गाडीतून तो उभा उतार उतरणार होती.

"भाऊजी, ही गाडी उद्या अंगणाबाहेर जाणार नाही."

"मेव्हणीबाई, तुमचं शास्त्र वर्गात ठेवा. आवाज बंद झाला ना?"

"झाला. आता जरा मोकळ्या जागेत गाडी थांबवून दाखवा." घरात नव्या फ्रिजचं रिकामं खोकं पडलं होतं. ते मी फाटकाशी, रोज सकाळी भाची दप्तर घेऊन उभी असते तिथं ठेवलं. "धावत्या माणसाइतका वेग घ्या आणि खोक्याच्या बारा पावलं अलीकडे ब्रेक दाबा."

गर्दी बाजूला केली. भाऊजी हसत गाडीत बसले, हसत निघाले. बारा पावलं अलीकडे ब्रेक दाबला, पण गाडी आपली चाललीच. खोकं चेपत फाटकावर आदळली, तेव्हा कुठं थांबली.

टाळ्या वाजवणारे हात खाली आले.

"तुमचा विश्वास कमी पडला," बाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"थांबा बाबा, आत्मा बघूनच जा." मी जॅक लावून पुढचं चाक काढलं. "ही तबकडी चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की हे दोन ठोकळे तिला चिमटीत धरतात. ठोकळे झिजले की ही पत्र्याची बारकी पट्टी तबकडीला घासते. कारखान्यात ती मुद्दाम बसवतात, किंचाळायलाच. ही तुमची मालकीण."

"मग थडथड?" शेजारीण म्हणाली.

मी एक पेचकस तबकडीच्या अगदी जवळ घट्ट बांधला आणि तिला म्हटलं, "काकू, हातानं फिरवा." अर्धा फेरा तबकडी पेचकसाला घासली, अर्धा फेरा मधून उजेड दिसला. "वाकडी झालीय. तापलेल्या लोखंडावर रोज गार पाणी ओतल्यावर दुसरं काय होणार? आणि वर हे तेल! चिमटीच सुटली, म्हणून आवाज गेला. गाडी बिचारी जिवाच्या आकांतानं सांगत होती, तुम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबलात."

बाबा कधी सटकले, कळलंही नाही. सत्पुरुष चालत गेले हे नक्की.

भाऊजी चेपलेल्या खोक्यापाशी खाली बसले. "ती इथंच उभी असते गं," एवढंच म्हणाले. ताईनं लेकीला जवळ ओढलं ते सोडेचना. मला खूप बोलायचं होतं, पण मी गाडीची किल्ली तेवढी काढून घेतली.

सोमवारी भाऊजींनी तिन्ही पोरांना उतारावरून चालत शाळेत पोचवलं. गाडी नव्या तबकड्या, नवे ठोकळे बसेपर्यंत जॅकवरच राहिली.

गल्लीतले अजून विचारतात, बाबांकडे थोडी तरी शक्ती असेल ना? होती की! तीन पोरं एका उतारात संपवायची. तेव्हा लोकहो, गाडी ओरडली तर आधी चाक काढून बघा. हात जोडायचेच असतील तर मग जोडा, पोरं सुखरूप घरी आल्यावर.