उजव्या रिकिबीचा शिष्य

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. पण कृपा करून मला खोगीरभरतीत धरू नका. दूर उत्तरेकडच्या गवताळ मुलखात, तामीर नदीच्या काठी जिग्मेद नावाचा सुतार राहत असे. त्याने भूर्जाचे लाकूड दोन हिवाळे वाळवून मला घडवले. माझा पुढचा उंच काठ नारिंगी रंगवला आणि अंगावर आठ चांदीच्या टिकल्या ठोकल्या. काम संपल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "बसणारा पडेल, पण हे मोडायचं नाही." पुढे दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

मला विकत घेतले यांजमाने. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धावत्या कळपातून नेमका हवा तो घोडा पकडण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. उन्हाळ्यातल्या जत्रेत लोक माझ्या टिकल्यांवरून बोटे फिरवत आणि मी उगाच फुगून जाई. चांगले दिवस होते ते.

यांजमा बेचाळीस वर्षांची असताना गोठलेल्या नदीवर तिचा घोडा घसरला आणि तिच्या डाव्या पायावर कोसळला. हाड जुळले, पण गुडघा काही पुन्हा वाकला नाही. आमच्याकडे घोड्यावर चढतात ते डावीकडूनच. उजवीकडून कुणी आले तर घोडा लाथ झाडतो आणि माणसे नावे ठेवतात. पण जो पाय वाकत नाही तो डाव्या रिकिबीत घालायचा कसा? यांजमाने मग उजवी बाजू धरली. घोड्याला नवी सवय लावली आणि स्वतःला पुन्हा श्रीगणेशापासून शिकवले. मांड कुठे आवळायची, कुठे सैल सोडायची, श्वास कधी टाकायचा, सगळे ती मोठ्याने बोलत असे. ऐकायला मी एकटेच होते. त्या एका वर्षात ती माझ्यावरून एकोणीस वेळा पडली. विसाव्या वेळेस पडली नाही.

पुढे तिची नातवंडे मोटारसायकलवरून कळप वळू लागली. पंचाहत्तरीला यांजमाही थकली. मला सामानाच्या तंबूत लोकरीच्या गाठोड्यांखाली ठेवले गेले. उंदरांनी माझा एक पट्टा कुरतडला. दोन वर्षे माझी कुणी साधी धूळ झटकली नाही, आणि खरे सांगते, मला फार वाईट वाटत असे.

अशातच एका ऑगस्टमध्ये ओर्गिल आला. हा एकतीस वर्षांचा गडी राजधानीत ट्रॉलीबस चालवायचा. खिंडीपलीकडच्या दाम्दिनची मुलगी अनुजिन शहरात शिवणकाम शिकायला गेली होती, ती रोज त्याच्याच बसने जायची. बसमधले तिकीट लग्नापर्यंत पोहोचले. पण दाम्दिन हा घोड्यांचा माणूस. त्याने भावी जावयाला समोर बसवून सांगितले होते, "हे बघा जावईबापू, पाच आठवड्यांनी घोड्यावरून या, माझ्या तंबूला सूर्य फिरतो त्या दिशेनं एक फेरी घाला आणि पोरीला घोड्यावरूनच घेऊन जा. मोटारीनं आलात तर चहा पाजीन आणि मोटारीनंच परत पाठवीन. एकटं!"

ओर्गिल आयुष्यात कधी घोड्यावर बसला नव्हता. तो दारोदार फिरून शिकवणारा शोधू लागला, तर लोक पोट धरून हसले. "शिकवू? अरे, श्वास घ्यायला शिकवतं का कुणी? बसायचं, 'छू' म्हणायचं, निघायचं!" आमच्या मुलखात पोर चालायच्या आधी घोड्यावर बसते, त्यामुळे आपण हे कसे करतो ते कुणालाच ठाऊक नसते. तिघांनी त्याला पोत्यासारखे उचलून घोड्यावर ठेवले, आणि तिन्ही वेळा घोड्याने त्याला पोत्यासारखेच खाली ठेवले. शेवटी किराणा दुकानातल्या बाईला त्याची दया आली. "यातला एकही उपयोगाचा नाही," ती म्हणाली. "यांजमा आजीकडं जा. ती दोनदा शिकलीय. दुसऱ्यांदा शिकलेल्या माणसाला सगळं आठवत असतं."

यांजमाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"किती वेळा पडलास?"

"तीन वेळा, आजी."

"कमी आहे. पोटापाण्याला काय करतोस?"

"ट्रॉलीबस चालवतो."

"म्हणजे बसायची नोकरी! घोडं पेंड खातंय ते इथंच. बाबा रे, तुझं बूड बसायला सोकावलंय. इथं बसायचं नसतं, रिकिबीत उभं राहायचं असतं. जा, त्या तंबूतून माझं खोगीर आण."

दोन वर्षांनी मी उजेडात आले! यांजमाने मला तेल चोळले, कुरतडलेला पट्टा बदलला आणि आपल्या म्हाताऱ्या तांबड्या घोड्यावर घातले. मग तिने एक वाळकी गोवरी उचलली आणि माझ्या बैठकीत ठेवली. माझ्या चांदीच्या टिकल्यांच्या मध्ये, गोवरी!

"घोडा दुडकायला लागला की हिच्यावर टेकायचं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी गोवरी अख्खी परत आणलीस तर चहा. चुरा आणलास तर चुरा चुलीत, अन् तू कोरडाच झोप."

पहिल्या दिवशी भुकटी आली. दुसऱ्या दिवशीही भुकटीच. "आजी, हे खोगीरच वाकडं आहे," ओर्गिल कुरकुरला.

"हो का? नाचता येईना, अंगण वाकडं! हे खोगीर तुझ्या जन्माच्या आधीपासून सरळ आहे. गुडघा मऊ सोड. श्वास धरू नकोस, घोड्याला वाटतं लांडगा आलाय."

मित्रांनो, ज्या गोष्टी तिने कधी काळी रडत-पडत स्वतःला सांगितल्या होत्या, त्याच ती आता हसत दुसऱ्याला सांगत होती. ते ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू! चौथ्या आठवड्यात एके संध्याकाळी गोवरी अख्खी आली, एक कोपराही तुटला नव्हता. यांजमा ती देवाच्या तसबिरीजवळ ठेवायला निघाली, मग आपलेच आपल्याला हसू येऊन तिने ती चुलीत घातली आणि ओर्गिलला सायीचा चहा तीन वाडगे पाजला.

एकच गोष्ट माझ्या जिवाला टोचत होती. ती चढायची उजवीकडून, म्हणून तोही चढायचा उजवीकडून. तांबड्याला तीच सवय होती, तिला चौतीस वर्षांच्या सवयीने त्यात काही वेगळे दिसत नव्हते, आणि त्याला दुसरी रीत माहीतच नव्हती. मला सगळे दिसत होते, पण खोगिराला तोंड कुठे असते?

लग्नाच्या दिवशी यांजमाने आपला तांबडा घोडा आणि मला त्याच्या हवाली केले. "खिंड माझ्या गुडघ्याला झेपायची नाही. घोडामैदान जवळ आहे, तूच बघ," ती म्हणाली, पण आम्ही वळणाआड जाईपर्यंत ती दारातच उभी होती.

ओर्गिल रुबाबात गेला. रिकिबीत उभे राहून त्याने दाम्दिनच्या तंबूला सूर्य फिरतो त्या दिशेने फेरी घातली. बायकांनी दूध शिंपडले, माणसांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे पुढे केले. अनुजिन दाराआडून बघत होती, तिचे गाल फुलले होते. मग दाम्दिनने जावयासाठी राखलेला काळाभोर घोडा आणवला. मला तांबड्यावरून काढून त्याच्यावर कसले. "चढा जावईबापू, आणि न्या पोरीला."

ओर्गिल सरळ उजवीकडे गेला.

काळ्याने अशी लाथ झाडली की कुणाची तरी टोपी पार कुंपणाबाहेर पडली. सगळे अंगण हसायला लागले. "अगं बाई, शहरात घोड्यांना डावं-उजवं नसतं काय!" एक मावशी म्हणाली. ओर्गिल पुन्हा गेला, उजवीकडूनच. पुन्हा लाथ. त्याचा चेहरा उतरला. अनुजिनने ओढणीचे टोक दातांत धरले. आता हा बाप "चहा प्या आणि जा" म्हणणार, असे मलाही वाटले.

दाम्दिन मात्र हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या आठ टिकल्यांकडे.

"कुणाकडं शिकलात?" त्याने हळूच विचारले.

"यांजमा आजींकडं."

मित्रांनो, मला आठवत होते ते त्यालाही आठवले. चौतीस वर्षांपूर्वी यांजमा पहिल्यांदा चारचौघांत उजवीकडून चढली, तेव्हा "पोतं चढतंय बघा उलटीकडून!" असे ओरडून जो सगळ्यांत मोठ्याने हसला, तो बावीस वर्षांचा दाम्दिन होता. त्याच हिवाळ्यात वादळाने त्याच्या बापाच्या चाळीस घोड्या उधळल्या. धडधाकट माणसे परत फिरली. यांजमा एकटी गेली आणि तिसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस घोड्या घेऊन आली. बापाने तिच्यापुढे डोके टेकले, आणि दाम्दिन शरमेने तंबूमागे लपून बसला. तिच्याशी तो त्यानंतर कधी बोललाच नाही.

आता तो पुढे झाला आणि त्याने स्वतः काळ्याचा लगाम धरला. एका हाताने काळ्याचा उजवा डोळा झाकला.

"हसू नका रे!" तो अंगणावर गरजला. "सबंध खोऱ्यात उजवीकडून चढणारं एकच माणूस आहे, आणि तिच्याकडं शिकलेल्याची मी आणखी परीक्षा घ्यायची नसते. चढा, बाळा. आज हा उजवीकडूनच घेईल."

ओर्गिलने श्वास सोडला, उजव्या रिकिबीत पाय घातला आणि चढला. काळा उडाला, नाचला, दोनदा गोल फिरला. ओर्गिल गुडघे मऊ सोडून उभा. शेवटी घोड्यानेच हार मानली. अनुजिन आपल्या घोड्यावरून शेजारी आली आणि दोघे निघाले. अखेर घोडे गंगेत न्हाले!

दुसऱ्या दिवशी ती दोघे मला पुन्हा तांबड्यावर घालून परत द्यायला खिंड ओलांडून आली, आणि बरोबर दाम्दिनही आला. दोन्ही हातांवर मानाचा निळा रेशमी शेला धरून तो यांजमासमोर उभा राहिला.

"ताई, चौतीस वर्षांपूर्वी मी..."

"ठाऊक आहे," यांजमा म्हणाली. "मी लंगडी झाले होते, बहिरी नव्हते."

"मग शिक्षा द्या."

"चढ माझ्या तांबड्यावर. उजवीकडून."

साठीकडे झुकलेला तो नामी घोडेस्वार उजवीकडून चढायला गेला, माझ्यावर पोटावर आडवा पडला, घटकाभर पोत्यासारखा लोंबकळला आणि पलीकडच्या बाजूने धपकन गवतात पडला. मग पहिला तोच हसला, आणि त्याच्यामागून यांजमा इतकी हसली की तिला दाराला धरावे लागले. डोळे पुसत ती म्हणाली, "मला वाटायचं, ही माझी लंगडी रीत माझ्याबरोबरच जायची. आता दोघं शिष्य झाले की रे माझे!"

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलपाणी करा. आणि काही शिकायचे असेल, तर जो कधी पडलाच नाही त्याच्यामागे धावू नका. जो पडला, रडला आणि पुन्हा उभा राहिला, असा एखादा माणूस तुमच्या शेजारीच कोपऱ्यात बसलेला असेल. त्याला विचारा. तो आपण होऊन बोलणार नाही, पण तुमच्या विचारण्याची वाट मात्र तो बघत असतो.